पक्या, ये बिनधास्त, फक्त मॉलचं नाव काढू नकोस

प्रिय पक्या,

तुझा मेसेज वाचला. काकू म्हणतायत की असल्या दिवसांत मुंबईला कशाला, तर त्यांचंही काही चुकत नाही रे, टीव्ही लावला की अलर्ट, मॉक ड्रिल, कुठे बंदची हाक आणि वर हा पाऊस. पण त्यांचे डोळे दाखवायचे म्हणजे यावं तर लागणारच, आणि तपासणी झाल्यावर घरात बसून बातम्या बघत राहिल्या तर बीपी हमखास वाढणार. म्हणून मधल्या रिकाम्या दिवसांचं मी बघतो, तू आधीच काही बुक करून ठेवू नकोस, ऐनवेळी रद्द करायला लागलं तर उगाच पैसे अडकतात.

तू लिहिलंयस "एखाद्या मोठ्या मॉलमध्ये फिरवू, एसी आहे, पाऊस लागत नाही". अरे, मॉल म्हणजे बंदिस्त जत्रा! दारात बॅगा तपासायला रांग, आत गाण्यांचा गोंगाट, एस्कलेटरवर काकू पाय टाकायला घाबरणार, आणि नुसती अफवा पसरली तरी सगळे एकाच दाराकडे धावणार. मी जागा निवडताना एवढंच बघतो की गर्दी कमी हवी, मधे बसायला बाक हवा, बाथरूम बरं हवं आणि घरी यायला एकच लोकल पुरली पाहिजे.

म्हणून माझी पहिली पसंती भायखळ्याला, राणीच्या बागेतलं भाऊ दाजी लाड संग्रहालय. ठाण्याहून थेट लोकल, गाडी बदलायची भानगड नाही. १८७२ चं आहे, मधे दुरुस्तीसाठी बराच काळ बंद होतं, आता परत उघडलंय. आत गेलास की हिरव्या भिंती, त्यावर सोनेरी नक्षी, उंच लोखंडी खांब आणि लाकडी कपाटांत मातीच्या छोट्या छोट्या बाहुल्या, जुन्या मुंबईतल्या वेगवेगळ्या लोकांच्या, प्रत्येकाची पगडी वेगळी, नेसण्याची तऱ्हा वेगळी. काकू तिथे तासभर रमतील, "ही बघ आपल्याकडची" म्हणत आपल्यालाच माहिती देतील बघ. बाहेर बागेत घारापुरीचा तो दगडी हत्ती आहे, इंग्रज उचलून विलायतेला न्यायला निघाले होते आणि उचलतानाच फुटला, मग इथेच राहिला. फक्त बुधवारी जायचं नाही, बंद असतं. आणि शनिवार-रविवारी बागेत पोराबाळांची झुंबड असते, त्यामुळे मधल्या वारीच, सकाळी उघडल्या उघडल्या.

फोर्टातलं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयही भारी आहे, पहिल्या महायुद्धात त्या इमारतीत सैनिकांचं हॉस्पिटल होतं आणि लोकांसाठी ते १९२२ साली उघडलं, म्हणजे वाईट दिवस त्या भिंतींनी आपल्यापेक्षा जास्त बघितलेत. पण आकाराने अवाढव्य आहे, काकूंचे गुडघे बोलायला लागतील. बघू.

पावसाचा अलर्ट आला तर मात्र दोन्ही कॅन्सल. भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आले की सायन-कुर्ल्याला रुळांवर पाणी येतं आणि मग भायखळ्याला अडकलो तर काय करणार? त्या दिवशी ठाण्याबाहेर पडायचंच नाही. मराठी ग्रंथसंग्रहालय आहे ना, १८९३ पासूनचं, तिथे आजोबा लोक पेपर चाळत बसतात, कोणी कोणाशी बोलत नाही, तुला आवडेल ते. काकूंना पेपर नको असेल तर संध्याकाळी गडकरी रंगायतनला विनोदी नाटक लागलंय का बघतो, कडेच्या खुर्च्या घेऊ म्हणजे उठता येईल पटकन. नाटकाला गर्दी असते हे मान्य, पण सगळे खाली बसलेले असतात आणि अडीच-तीन तास तुझा फोन बंद राहतो. तुला त्याचीच जास्त गरज आहे, दर पाच मिनिटांनी बातम्या रिफ्रेश करतोस तू!

पाऊस नुसता रिपरिप असेल तर ऐरोली. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरवर दिघा गाव, मग ऐरोली, संपलं. तिथे खाडीकाठी वनखात्याचं किनारी जैवविविधता केंद्र आहे, तिवरं, मासे, खाडीतले पक्षी असं सगळं आतल्या आत मांडलंय. फ्लेमिंगोंची बोट पावसाळ्यात विसर, ती थंडीतली मजा.

निघायच्या दिवशी सकाळी आपण आधी रेल्वेचं अपडेट बघायचं, कुटुंबाच्या ग्रुपवर काय फॉरवर्ड आलंय ते नाही. काकूंच्या गोळ्या दोन ठिकाणी ठेव, थोड्या त्यांच्या पर्समध्ये आणि थोड्या तुझ्याकडे. आणि घरचे नंबर एका कागदावर लिहून दे त्यांना, फोनची बॅटरी संपली तर पाठ कोणाला असतात आता.

तिकीट निघालं की गाडीचा नंबर टाक, स्टेशनवर मी येतो. आणि काकूंना विचार, भाकरी ज्वारीची चालेल का बाजरीची, ही आत्तापासून विचारतेय.

तुझाच,
संज्या
नौपाडा, ठाणे