शेजारचे झाड : तोडण्याआधी खर्चाची फोड मागा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शेजारचे झाड कुंपण ओलांडून आले की बोलणे दोन वाक्यांवर अडते : ‘ते तोडून टाका’ आणि ‘पैसे कोण देणार?’ झाड तोडायची गरज आहे का, हे ठरण्याआधी पैशांवरून भांडण्यात अर्थ नाही. पुष्कळदा गरज नसतेच. चार-दोन फांद्या योग्य जागी कापल्या की भागते. काम कसे होते आणि पैसा कुठे जातो, हे दोन्ही घरांना आधी कळले तर निम्मे वाद उद्भवणारच नाहीत.

झाड उंच म्हणून खर्च जास्त, हा समज अर्धाच खरा आहे. खरा प्रश्न पाडायला जागा किती, हा असतो. मोकळ्या मैदानातले झाड बुंध्याशी खाच घेऊन एका दिशेला पाडता येते. त्या दिशेला झाडाच्या उंचीहून जास्त जागा मोकळी असली आणि बाकीची माणसे उंचीच्या दुप्पट अंतरावर थांबली म्हणजे झाले. दोन घरांच्या मध्ये हे जमत नाही. तिथे माणूस दोर बांधून वर चढतो, शेंड्याकडून एकेक तुकडा कापतो आणि कप्पीवरून हळूहळू खाली सोडतो. 60 सेंटिमीटर व्यासाच्या खोडाचा एक मीटर लांबीचा ओला ओंडका साधारण पाव टन भरतो. तो सुटून दोराला हिसका बसला, तर दोरावर वजनाच्या कित्येक पट ताण येतो. जुना, उन्हाने कडक झालेला दोर अशा वेळीच तुटतो आणि खालची भिंत किंवा पत्रा जातो. म्हणून स्वस्तात काम करणाऱ्याला दोर, कप्पी, हेल्मेट आणि अपघात विमा यांबद्दल विचारायला संकोच करू नये.

दर सांगताना ‘झाडाचे इतके’ असा एकच आकडा मिळाला तर तो घेऊ नये. चढून कापणे, तुकडे उतरवणे, फांद्या व पालापाचोळा वाहून नेणे, लाकूड कोणाचे आणि खुंट काढणे, हे सगळे वेगवेगळे लिहून मागावे. कापणीपेक्षा वाहतूकच महाग पडते असे अनेकदा दिसते, कारण फांद्या वजनाने कमी असल्या तरी गाडीत जागा फार घेतात. गाडी झाडापर्यंत पोहोचत नसेल तर प्रत्येक तुकडा खांद्यावर न्यावा लागतो. जवळून वीजवाहिनी जात असेल तर पुरवठा बंद करून घेतल्याशिवाय कामाला हात लावू नये.

छाटणीच पुरेशी असेल, तर ती कशी होते यावर झाडाचे पुढचे आयुष्य ठरते. जाड फांदी एकाच घावात वरून कापली की अर्ध्यावर ती स्वतःच्या भाराने मोडते आणि खोडाची साल खालपर्यंत सोलून नेते. म्हणून तीन काप घ्यावेत. पहिला खोडापासून 30-45 सेंटिमीटरवर, खालच्या बाजूने, जाडीच्या पाव ते एकतृतीयांश इतका. दुसरा त्याच्या थोडा पुढे, टोकाच्या बाजूला, वरून पूर्ण. इथे फांदी सुटते. मग उरलेला ठोंब तिसऱ्या कापात काढायचा. फांदी जिथे खोडाला मिळते तिथे सालीचा फुगीर, सुरकुतलेला पट्टा बोटांना लागतो. हा शेवटचा काप त्या पट्ट्याच्या लगेच बाहेर घ्यावा. पट्टा कापू नये आणि लांब ठोंबही ठेवू नये. जखम झाकणारी ऊती याच पट्ट्यातून वाढते. अमेरिकी वनसेवेतले संशोधक अ‍ॅलेक्स शायगो यांनी असंख्य झाडे उभी चिरून दाखवून दिले की झाड कुजलेला भाग बरा करत नाही, त्याभोवती भिंत घालून तो वेगळा पाडते. कापावर डांबर किंवा रंग फासल्याने कुजणे थांबत नाही, हेही त्यांनी दाखवले. तरीही ते फासण्याचे पैसे आजही घेतले जातात.

सर्वांत वाईट काम म्हणजे शेंडा उडवून झाड बोडके करणे. ते स्वस्त वाटते, पण दोन-तीन वर्षांत त्याच कापांच्या कडेने सरळसोट फुटव्यांचा झुबका येतो. हे फुटवे वरवरच्या थरातूनच फुटलेले असतात, त्यांची पकड कच्ची असते, आणि खाली काप कुजत असतो. म्हणजे पैसे पुन्हा मोजायचे, आणि झाड आधीपेक्षा धोकादायक. एका वर्षात हिरव्या पर्णसंभाराच्या पावभागापेक्षा जास्त काढू नये. म्हाताऱ्या झाडाचे त्याहूनही कमी. कुंपणाच्या रेषेत सरळ उभी कापणी करून एकच बाजू रिकामी केली तर सगळा भार दुसऱ्या, म्हणजे झाडमालकाच्या घराकडे जातो.

मुळांबाबत तर अधिकच जपावे. बहुतेक मुळे वरच्या 60 सेंटिमीटर मातीतच पसरतात. खोडाच्या व्यासाच्या तिप्पट अंतराच्या आत झाडाला आधार देणारी जाड मुळे तोडली तर वादळात झाड मुळासकट उलटू शकते. पाइप मुळांनी फोडला, असा आरोप करण्याआधी सांधा पाहावा. धड पाइपात मुळे सहसा शिरत नाहीत, ती गळक्या सांध्याच्या ओलाव्याकडे जातात.

तोडणे भाग पडू शकते, हे काही खुणांवरून ओळखता येते : बुंध्याशी उगवलेली अळंबी, खोडाला उभी भेग, एका बाजूची माती उचलली जाणे, नव्याने आलेला कल. लहानपणापासून तिरके वाढून शेंडा वर वळलेले झाड वेगळे. त्याने स्वतःला सावरलेले असते. अशी खूण दिसली तर फोटो जोडून झाडमालकाला लेखी कळवावे आणि पोच ठेवावी. पुढे नुकसान झाले तर त्याला धोका माहीत होता का, हा प्रश्न सर्वांत आधी येतो. तोडण्याची किंवा छाटण्याची परवानगी लागते का, ते काम सुरू करण्याआधी स्थानिक संस्थेकडे विचारून घ्यावे.

खर्चाची वाटणी माझ्या मते अशी व्हावी : तपासणीचा निम्मा-निम्मा, झाड मेलेले वा धोकादायक असेल तर तोडण्याचा मालकाचा, झाड निरोगी असून फक्त सावली वा पानगळ नको म्हणून छाटणी हवी असेल तर ज्याला हवी त्याचा. लाकूड मालकाचेच असते, त्यामुळे ते विकले जाणार असेल तर किंमत हिशेबात धरावी.

शेवटचा हप्ता खुंट काढून होईपर्यंत देऊ नये. यंत्राने खुंट जमिनीखाली 15-30 सेंटिमीटर दळतात. भुसा खड्ड्यात तसाच राहिला तर कुजून जमीन खचते, म्हणून तो उपसून माती भरून घ्यावी. निलगिरी, सुबाभूळ, पिंपळ यांचा खुंट ठेवला तर तो पुन्हा फुटतो, आणि वाद वर्षभरातच परत येतो.

आपला,
एक वाचक