लेख लिहिण्यात वेळ का घालवते

ती. आई-बाबांना,
सा. न.

बाबा, परवा तुम्ही विचारलंत की संशोधन सोडून मासिकांत लेख लिहून काय पदरात पडतं. मागून आईचा आवाजही आला, "आधी नोकरी पक्की होऊ दे." फोनवर मला हे धड सांगता आलं नसतं.

जीवाश्मांचा अभ्यास करणारे अमेरिकन शास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांचं नाव तुम्ही माझ्या तोंडून ऐकलंय. वडील न्यूयॉर्कच्या न्यायालयात लघुलेखक. त्यांनी पाच वर्षांच्या मुलाला संग्रहालयात नेऊन डायनोसॉरचा सांगाडा दाखवला आणि त्याचं आयुष्य तिथेच ठरलं. १९६७ पासून ते हार्वर्डमध्ये होते. १९७२ मध्ये त्याच क्षेत्रातल्या नाइल्स एल्ड्रेज यांच्याबरोबर त्यांनी मांडलं की प्रजाती लाखो वर्षं जवळजवळ तशाच राहतात आणि बदल होतो तो त्या मानाने थोडक्या काळात. त्यावर कडाक्याचे वाद झाले, अजूनही होतात.

पण त्यांचं हातातलं काम गोगलगायींवरचं, बर्म्युडा आणि बहामा बेटांवरच्या. शंख कडेने वाढत जातो, जुना भाग मोडत नाही. त्यामुळे टोकाच्या इवल्याशा वेढ्यात तिचं बाळपण जसंच्या तसं शाबूत असतं. एकच शंख हातात घेऊन सगळी वाढ मोजता येते. मी गोगलगायींकडे वळले ती यामुळेच.

हे सांभाळून त्यांनी जानेवारी १९७४ ते जानेवारी २००१ दर महिन्याला एक लेख लिहिला. ३०० लेख, एकही महिना चुकला नाही. १९८२ मध्ये त्यांना कर्करोग झाला, निम्मे रुग्ण आठ महिन्यांतच जातात असा; उपचार चालू असतानाही लेख थांबले नाहीत. पुढे ते वीस वर्षं जगले.

आई, पांडाचा लेख तुला आवडेल. पांडा अंगठ्याने धरून बांबूची पानं ओरबाडतो, पण तो अंगठा नव्हेच! पाचही बोटं वेगळी आहेत, आणि हे मनगटातलं एक वाढलेलं हाड. कोणी नव्याने आखून बनवलं असतं तर असलं काही केलं नसतं. उत्क्रांती हाताशी असेल त्यावर भागवते, आणि ही ओढाताणच तिचा पुरावा. शाळकरी मुलालाही हे कळतं, आणि तरी त्यात कुठेही पाणी घातलेलं नाही.

अशा लेखनाची गरज किती खरी असते ते १९८१ च्या डिसेंबरात दिसलं. अमेरिकेतल्या आर्कन्सा राज्यात शाळांत उत्क्रांतीच्या बरोबरीने 'सृष्टिनिर्मितीचं विज्ञान', म्हणजे देवाने सृष्टी घडवली ही श्रद्धा विज्ञान म्हणून, शिकवायचा कायदा झाला होता. गूल्ड यांनी न्यायालयात साक्ष दिली आणि महिन्याभरात कायदा रद्द झाला. त्या शाळांत मुलं पाठवणाऱ्या आईवडिलांपर्यंत शोधनिबंध कधी पोचतात का?

म्हणून बाबा, लेख मी सोडणार नाही. नोकरीचा अर्जही याच महिन्यात धाडते. पुढचा लेख छापायच्या आधी तुम्हा दोघांना पाठवेन. आई, जिथे अडखळशील तिथे पेन्सिलने खूण कर, तेवढं मी पुन्हा लिहीन.

तुमची लेक