बॅगेत आलेलं पुस्तक

चि. सोनू,

काल फोनवर माझा आवाज चढला, ते सोडून दे. पण "राहू द्या हो बाबा, हरवलं सांगून किंमत भरून टाकतो" हे तुझं काही मला पटलेलं नाही. पुस्तक लायब्ररीचं आहे. पक्ष्यांची चित्रं बघायला मीच घ्यायला लावलं, माझ्याच बॅगेत स्वेटरच्या घडीत राहिलं, चूक माझी. आईने बॅग रिकामी करताना बघितलं आणि तेव्हापासून घरात ऐकून घेतोय.

तुमची ती बॉस्टनची लायब्ररी डोक्यातून जातच नाही. दारावर दगडात कोरलंय, सर्वांसाठी मोफत. जिन्यात ते दोन सिंह, वर हिरव्या दिव्यांचा लांबच लांब हॉल, आणि सभासद आहात का म्हणून कुणी विचारलं नाही. आपल्या पेठेतल्या लायब्ररीत चिठ्ठीवर नंबर लिहून द्यायचा आणि काकांचा चहा संपेपर्यंत काउंटरला टेकून उभं राहायचं. गंमत बघ, तुमची स्थापना १८४८ ची आणि आपलं पुणे नगर वाचन मंदिरही १८४८ चंच. म्हणजे वयाने बरोबरीच्या. पण तिथे शहर खर्च उचलतं, आपल्याकडे १९६७ चा ग्रंथालय कायदा झाला खरा पण त्यात लायब्ररीसाठी वेगळा कर ठेवलाच नाही, मग काय, अनुदान येईल तेव्हा येईल आणि वर्गणीदार दिवाळी अंकांपुरते.

असो. तू जेवतोस ना वेळेवर? आणि कुणाबरोबर?

विचारणार नव्हतो. पण त्या दिवशी दारातल्या सिक्युरिटीवाल्याने तुला बघून हात केला, "आज आईबाबा वाटतं" असं काहीतरी हसून बोलला, तेव्हा मला इतका अभिमान वाटला की लायब्ररीत आपल्या पोराला ओळखतात! रात्री झोप येईना तेव्हा लक्षात आलं, तीन महिन्यांत तू आमची ओळख करून दिलीस असा हा एकच माणूस. दर रविवारी तू तिथे वाचायला जातोस की माणसांत बसायला, ते मला कळत नाही. झालं ते झालं, तिचा विषय मी काढत नाही, पण माणसाने चार लोकांत मिसळावं, ऑफिसातल्यांना घरी बोलवावं, सारखं लॅपटॉपमध्ये... बरं, पुरे. माफ कर. आई म्हणते मी पत्रातसुद्धा तासच घेतो.

तिथे २०२१ पासून उशिराचा दंडच बंद केलाय म्हणालास. मला एकदम तुझी चौथी आठवली. पुस्तक अकरा दिवस उशिरा दिलंस आणि मी भर लायब्ररीत तुला बोललो होतो, रोजचे पन्नास पैसे, साडेपाच रुपयांसाठी. रात्री तू जेवला नाहीस आणि मीही उठवायला आलो नाही. तुला आठवत नसेल. नसलेलंच बरं.

तर वरच्या मजल्यावरच्या काकूंचा भाचा चौदा तारखेला बॉस्टनला येतोय, त्याच्याकडे पुस्तक देतोय, प्लास्टिकमध्ये नीट गुंडाळून. नवीन आहे बिचारा, कुणाला ओळखत नाही. पुस्तक दारातच घेऊन त्याला वाटेला लावू नकोस, घरात बोलाव, डाळभात तरी कर. कुकर आईने माळ्यावर ठेवलाय.

बाबा