पुसून टाकायचं म्हणालीस ते

चि. मनूस,

अनेक आशीर्वाद.

शुक्रवारी फोन मी ठेवला. आईला सांगितलं की रेंज गेली. तिला ते पटलं नाही, पण तिनं पुढे विचारलंही नाही. चुकलं माझं. तू चौथ्यांदा तो अंतराळयानाचा कॉम्प्युटर गेम, आउटर वाइल्ड्स, खेळते आहेस, रात्रीचे तीन वाजतात, हे तू हसत सांगत होतीस, आणि त्याच ओघात म्हणालीस, "बाबा, डोक्यातनं तेवढं पुसून टाकता आलं असतं ना, तर मी काहीही दिलं असतं." यावर एवढं ओरडायचं काही कारण नव्हतं. तो गेम ज्यांना लागला ते सगळेच, पुन्हा पहिल्यांदा खेळता यावा म्हणून, असं म्हणतात, हे मलाही माहीत आहे. फक्त त्या दिवशी सकाळी घरात काय झालं होतं ते तुला माहीत नव्हतं. ते लिहितो, पण शेवटी. आधी गेमबद्दल लिहितो, कारण बाबांचा राग गेमवरच आहे असं तुला वाटलं असणार.

तुझ्या झोपेबद्दल या पत्रात एक अक्षर लिहायचं नाही, असं ठरवून बसलो आहे.

आपण तो गेम खेळताना लिहायचो ती निळी वही सापडली. दादाच्या प्रमाणपत्रांच्या फाइलीखाली होती. पहिल्याच पानावर तुझं अक्षर: "सूर्य का फुटला? आपण काय दाबलं?" आणि खाली माझं: "काही दाबलं नाही. पुन्हा बघू." तुझी परीक्षा संपून चार दिवस झाले होते. गेममध्ये आपण शेकोटीशेजारी जागे झालो, वर पाहिलं, तर तो मोठा हिरवा ग्रह आणि त्याच्याजवळ काहीतरी फुटत होतं. दोघांनीही तिकडे लक्ष दिलं नाही. वेधशाळेतून उड्डाणाचा कोड घेतला, यान वर नेलं, जवळच्याच चंद्रावर आपटलं, खूप हसलो. मग ती संथ धून सुरू झाली, सगळं पांढरं झालं, आणि आपण परत शेकोटीशेजारी. सूर्याचं जे काय झालं ते मी नीट पाहिलंच नाही. मी तुझ्याकडे पाहत होतो.

अॅलेक्स बीचम यांनी हा गेम विद्यापीठात शिकताना, पदव्युत्तर प्रबंध म्हणून करायला घेतला होता. पुरा होऊन बाहेर यायला २०१९ उजाडलं. मला त्याची रचना अजूनही थक्क करते. ताकद वाढत नाही, हत्यार मिळत नाही, यानाला नवीन भाग जोडता येत नाही. दर २२ मिनिटांनी सूर्य फुटतो आणि सगळं पहिल्यासारखं होतं. आपल्याला जे कळलं तेवढंच उरतं. यानातली नोंदवही ते जपते, आणि आपल्या घरी ही निळी वही जपत होती. शेवटाकडे जाणारी वाट सुरुवातीपासून उघडीच असते. ज्याला माहीत आहे तो एका फेरीत गेम संपवू शकतो. आपल्याला सात रविवार लागले. त्या जुळ्या ग्रहांवरची वाळू एकावरून दुसऱ्यावर जाते, तेव्हा कुठलं दार उघडं पडतं आणि कुठलं बुजतं, एवढ्यासाठी तू वहीत दोन पानं भरून मिनिटांचं कोष्टक केलं होतंस. ते कोष्टक आज तुला तोंडपाठ असणार. मग आता तिथे जाऊन करायचं काय? वाळू उतरायची वाट बघत उभं राहायचं, एवढंच.

मला वाटतं, तो गेम दुसऱ्यांदा होत नाही तो याच कारणानं. त्यात खर्च होणारी वस्तू एकच आहे, आपलं अज्ञान. आणि ते सात रविवारांत आपण इतक्या आनंदानं खर्च केलं की एक पैही मागे उरली नाही.

तू म्हणशील, मग आजी वीस वर्षं तेच ठोकळे रचते आहे, त्याचं काय? त्यावरही मी विचार केला आहे. टेट्रिस १९८४ मध्ये अलेक्सेई पाजितनोव यांनी लिहिला. त्यात कळून घ्यायचं ते पहिल्या पाच मिनिटांत संपतं: सात आकार, ओळ भरली की गेली. पुढचं सारं हातांचं काम. हातांना सवय लागते, वेग वाढतो, आणि रोज नव्यानं हरता येतं. असले खेळ जन्मभर खेळावेत. त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही.

पण ओब्रा डिन आठव. रिटर्न ऑफ द ओब्रा डिन, २०१८ चा, लुकास पोप यांचा. १८०७ साली ते जहाज बंदराला लागतं, वर जिवंत माणूस एकही नाही, आणि साठ जणांचं काय झालं ते आपण विमा तपासनीस होऊन शोधायचं. तीन जणांचं बरोबर लागलं की मगच गेम होकार देतो, त्यामुळे अंदाज मारून निभत नाही. बूट पाहायचे, बोलण्याची ढब ऐकायची, कोण कुणाशेजारी उभं आहे ते पाहायचं. खलाशांच्या झोपायच्या झोळ्यांवरचे आकडे तुला दिसले, मला नव्हते दिसले. तू अशी ओरडलीस की आई धावत आली, तिला वाटलं तू पडलीस.

तुला एक सांगितलं नव्हतं. तू गेल्यावर दुसऱ्या आठवड्यात मी तो गेम एकटाच पुन्हा लावला. खोली फार शांत वाटत होती. सुरुवातीचे चार-पाच जण चेहरा दिसताक्षणी ओळखले. नाव, मरण, मारणारा, सगळं हात आपोआप भरत गेले. पुढे त्या झोळ्यांपाशी पोचलो, ते आकडे दिसले, आणि कुणी ओरडलं नाही. मी तिथेच बंद केला. तेव्हा चौथ्यांदा तू कशाला जातेस ते मला कळत नाही, असं समजू नकोस. चांगलं कळतं.

एकदाच खेळण्याच्या गेमांतही प्रकार आहेत. काही, हे वरचे, कळून संपतात. काहींमध्ये केलेल्या गोष्टीचं वजन असतं आणि पुन्हा केली की ते वजन जातं. अंडरटेलचं तू मला समजावलं होतंस. टोबी फॉक्स यांचा, २०१५ चा. सगळ्यांना वाचवून गोड शेवट केला आणि नंतर पुन्हा गेम उघडला, तर ते फूल समोर येतं आणि विनवतं, की आता सगळे सुखात आहेत, त्यांना तसंच राहू दे, पुन्हा सुरुवातीपासून नको. तू तेव्हा लॅपटॉप हळूच मिटलास, आतल्या कुणाला तरी जाग येईल अशा बेतानं. त्या दिवशी मला तुझा इतका अभिमान वाटला, आणि मी बोलून दाखवलं नाही. आज लिहून ठेवतो. आणि दादाचं निअर: ऑटोमाटा. २०१७. शेवटाला विचारतात, कुणा अनोळखी खेळणाऱ्याच्या मदतीसाठी तुझा सगळा सेव्ह, म्हणजे आतापर्यंतचा साठवलेला खेळ, पुसून टाकशील का? दादानं हो म्हटलं. तू दोन दिवस त्याच्याशी बोलली नव्हतीस, कारण त्यात तुझेही तास होते. तेव्हा पुसून टाकण्यावर तुझं मत वेगळं होतं, एवढंच आठवण करून देतो.

आणि काही गेम पुन्हा सोसवत नाहीत. दॅट ड्रॅगन, कॅन्सर मी एकदाच खेळलो. रायन आणि एमी ग्रीन या नवराबायकोनं आपल्या मुलाबद्दल केलेला, २०१६ मध्ये आलेला. जोएल त्याचं नाव. २०१४ मध्ये तो गेला, पाच वर्षांचा होता. त्यात दवाखान्यातली एक रात्र आहे. मूल रडतंय, बाप त्याला प्यायला देतो, उचलतो, फिरवतो, आणि काही केल्या ते थांबत नाही. गेममध्ये काहीतरी दाबलं की काहीतरी होतं, एवढी वर्षं हाताला ही सवय. तिथे काहीही दाबा, मूल रडतच राहतं. मला त्या रात्री तुझं न्यूमोनियाचं दुखणं आठवलं. तू तीन वर्षांची होतीस, आई आजोळी अडकली होती, आणि पहाटेपर्यंत तू माझ्या खांद्यावर होतीस. ताप उतरला तेव्हा तू डोळे उघडून "बाबा, दिवा" एवढंच म्हणालीस. अजून तुझा आवाज बसलेला असला की मला ते ऐकू येतं. शुक्रवारीही बसलेला होता. जागरणानंच बसतो, दुसरं काय.

झालं, लिहिलंच मी.

तर आता लिहितोच. तीन वाजेपर्यंत जागून सकाळी कामावर जाणं चांगलं नाही. नवीन गाव, नवीन माणसं, आणि तू खोलीत बसून सहा वर्षांपूर्वीच्या सूर्यमालेत फिरते आहेस. कामावरच्या त्या दोघी बोलावतात ना, त्यांच्याबरोबर जात जा. ज्या गोष्टी तुला अजून माहीत नाहीत त्या तुझ्या खिडकीबाहेरच आहेत, मनू, आणि त्या शोधायला तुझ्याइतकं लायक कुणी मी पाहिलेलं नाही. कोष्टकं करणारी मुलगी तू. ठरावीक वेळी झोप, ठरावीक वेळी ऊठ... हे सगळं तुझ्या आजोबांच्या आवाजात लिहितोय असं मला मध्येच जाणवलं. रागावू नकोस. खोडत नाही, पण रागावू नकोस.

तू म्हणालीस, अनोळखी लोक पहिल्यांदा तो गेम खेळतात त्याचे व्हिडिओ तू तासन्‌तास बघतेस. त्यात मला काही वावगं वाटत नाही. सूर्य फुटताना त्यांचा चेहरा कसा होतो ते तुला पाहायचं असतं, आणि मी सातही रविवार तेच केलं. ज्यानं आधी पाहिलंय त्याच्या वाट्याला दुसऱ्याचा चेहरा येतो. ते काही कमी नाही. फक्त ते दिवसा बघ.

आता शुक्रवारचं.

आजीचे रिपोर्ट आले. डॉक्टरांनी अल्झायमर म्हटलं. उन्हाळ्यात चाव्या हरवायच्या, गॅस चालू राहायचा, तेव्हाच मला शंका होती. तुला सांगितलं नाही, कारण तू नुकती रुजू झाली होतीस. त्या सकाळी मी तिला उठवायला गेलो तर ती पदर सावरून बसली आणि म्हणाली, "आपण कुणाकडे आलात?" मला "आपण" म्हणाली. मी सांगितलं, तुमच्याकडेच आलोय. ती म्हणाली, बसा. मी बसलो. दहा-पंधरा मिनिटांनी तिनं मला नावानं हाक मारली, काहीच घडलं नसल्यासारखी.

संध्याकाळ झाली की तुझी चौकशी करते. मी सांगतो, मनूला नोकरी लागली. ती दोन्ही हात जोडते, डोळे भरून येतात, म्हणते, "पोरीनं नाव काढलं." आणि तासाभरानं पुन्हा विचारते. पहिले काही दिवस मला वाटलं, माझ्या आईला निदान एवढं तरी सुख आहे, तीच बातमी रोज पहिल्यांदा. तुला हवं आहे ना, नेमकं तेच. पण मी समोर बसून पाहतो आहे, मनू. त्या आनंदाला दुसऱ्या दिवशी काही जोडता येत नाही. तुझं ऑफिस कसं आहे, पहिला पगार झाला का, राहायला जागा बरी आहे का, हे विचारण्यापर्यंत ती पोचतच नाही. दर वेळी शेकोटीशेजारी जागी होते, आणि तिच्याजवळ नोंदवही नाही.

त्या शुक्रवारी दुपारी तुझा फोन आला आणि तू ते वाक्य बोललीस.

ठोकळे मात्र ती अजून रचते. काल दुपारी गेम तिच्या हातात दिला, तर अंगठे बरोबर चालले. मी शेजारी बसून होतो. मी कोण आहे याची त्या वेळी तिला खात्री नसावी, पण लांब ठोकळा आला की तिनं मला कोपरानं ढोसलं, पूर्वीसारखंच.

आउटर वाइल्ड्सची ती जोडकथा, इकोज ऑफ द आय, २०२१ ची, तू अजून उघडलेली नाहीस म्हणालीस. खरं आहे ना? चार वेळा जुनं खेळलीस आणि ते तसंच ठेवलंस, हे मला आधी कळलं नव्हतं. काल रात्री अंथरुणावर पडल्यावर कळलं. मीही कुठे काही वाचलेलं नाही, बघितलेलं नाही. सुट्टी मिळेल तेव्हा ये. वहीची मागची पानं कोरी आहेत. तू यान चालव, मी लिहितो.

आणि येईपर्यंत एक कर. संध्याकाळी सातच्या सुमारास आजी बरी असते. तेव्हा फोन कर आणि नोकरीची बातमी तिला तू स्वतः सांग. ती पहिल्यांदाच ऐकेल. तू मात्र ती नंतर काय काय म्हणाली ते लिहून ठेव.

आई आशीर्वाद सांगते. खोकल्याचं औषध संपलं असेल तर कळव.

तुझा,
बाबा

ता. क. हे रात्री वाचत असशील तर लगेच फोन करू नकोस. आधी झोप.