फ्लू, पेनकिलर आणि लघवीचा रंग

प्रिय मनू,

काल फोनवर खोकत खोकत म्हणालीस, "अगं, साधा फ्लू आहे, गोळी घेतली की उभी राहते." कुठली गोळी, हे विचारायच्या आत फोन ठेवलास, म्हणून हे पत्र. लॅबमध्ये लघवीचे नमुने तपासण्यात माझं आयुष्य गेलं, त्यामुळे विषय तिकडेच वळणार. नाक मुरडू नकोस.

दुखणं नाकाघशातलं असलं तरी त्याची झळ किडनीला लागू शकते. हृदयातून निघालेल्या रक्ताचा जवळजवळ पाचवा हिस्सा किडन्यांकडे जातो. दिवसभरात 180 लिटरच्या आसपास द्रव गाळायचा आणि दीड-दोन लिटर सोडून बाकीचा परत रक्तात घ्यायचा, असा त्यांचा खटाटोप. त्यामुळे रक्तपुरवठा कमी झालेला त्यांना फार काळ सोसत नाही. तापात घाम येतो, श्वास जलद होतो, पाणीही नकोसं वाटतं आणि अंग कोरडं पडतं. अशा वेळी प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं किडनीकडे येणारी बारीक रक्तवाहिनी मोकळी ठेवतात. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या पेनकिलर गोळ्या नेमकी तीच रसायनं बनू देत नाहीत. एरवी धडधाकट माणसाला एखाद्या गोळीने सहसा काही होत नाही, हेही खरं. पण पोटात अन्न नाही, पाणी नाही आणि चार दिवस सलग पेनकिलर, हे नको. तापाला पॅरासिटामॉल घे, तेही पाकिटावर लिहिलंय तेवढंच. बाबांच्या बीपीच्या गोळ्या आहेत, त्यातली एक लघवी वाढवणारी. त्यात पेनकिलरची भर पडली की किडनी तिन्हीकडून कोंडीत सापडते. म्हणून घरात मी ती ठेवतच नाही.

आजार बळावला तर गोष्ट वेगळी. कोविडच्या साथीत आयसीयूतल्या कितीतरी रुग्णांना डायलिसिस लागलं. व्हायरस स्वतः किडनीत शिरतो का, यावर तज्ज्ञांचा वाद आहे. पण ऑक्सिजन कमी, बीपी खाली आणि अंगभर दाह, एवढं किडनी बिघडायला पुरतं.

फ्लूत क्वचित स्नायूंच्या पेशीच फुटतात. पोटऱ्या, मांड्या इतक्या दुखतात की चालवत नाही आणि लघवी चहासारखी होते. लॅबमध्ये हे मजेशीर दिसतं (आम्हाला, पेशंटला नव्हे). लघवीत तपासणीची पट्टी बुडवली तर रक्त आहे म्हणते, मायक्रोस्कोपखाली मात्र लाल पेशी नसतात. पट्टीला चकवणारं ते स्नायूंतलं मायोग्लोबिन नावाचं प्रथिन असतं आणि ते किडनीच्या नळ्यांना घातक ठरतं.

तुझ्या वयात आणखी एक लक्षात ठेव. घसा धरल्यावर एक-दोन दिवसांतच लघवी लालसर किंवा तपकिरी झाली, तर आयजीए नेफ्रोपॅथीची शंका घ्यावी लागते. यात आयजीए नावाची प्रतिपिंडं किडनीच्या गाळणीत साचतात. पॅरिसमध्ये बर्जे आणि अँग्ले या संशोधकांनी 1968 साली तिचं पहिलं वर्णन केलं. सर्दी-घशाच्या निमित्ताने आत दबलेला आजार वर येतो, आणि सर्दी गेली की लघवीही स्वच्छ होते. तिथेच माणूस फसतो. स्ट्रेप्टोकॉकस या जिवाणूने घसा दुखला असेल तर किडनीचा त्रास एक ते तीन आठवड्यांनी दिसतो, म्हणून घसा कधी दुखायला लागला ती तारीख डॉक्टरांना जरूर सांग.

नुसती गडद पिवळी असेल तर आधी पाणी वाढव. पण तपकिरी, लाल किंवा खूप फेसाळ झाली, दिवसभर जेमतेम झाली, चेहऱ्यावर सूज दिसली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठ. बीपी मोजायला सांग, रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी गाळून टाकते तो कचरा, ती मंदावली की रक्तात वाढतो) आणि लघवीची तपासणी करून घे. पहिल्या दिवशी क्रिएटिनिन ठीक आलं म्हणून निर्धास्त होऊ नकोस, ते चढायला एक-दोन दिवस लागतात.

आणि नमुना ताजा दे, दोन तासांच्या आत लॅबमध्ये पोचव. लाल पेशी किडनीच्या नळीत अडकून नळीच्याच आकाराचे लांबट साचे बनतात, त्यांना आम्ही कास्ट म्हणतो. ते दिसले की रक्त किडनीतूनच येतंय हे कळतं. नमुना तसाच पडून राहिला की ते विरघळतात, आणि मग बघायला काही उरत नाही.

कुठली गोळी घेतलीस ते कळव. पाकिटाचा फोटो पाठव.

तुझी,
आई