कुंभार्ली घाट, सहा माणसं आणि १२४८ सीसी

प्रिय सतीश,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. घरातली सहा माणसं, कराड ते गुहागर अशी महिन्यातून एकदोनदा फेरी, काकांचे दुखरे गुडघे, आणि प्रश्न एकच: मारुतीची जुनी, सात जागांची डिझेल एर्टिगा घ्यावी का? घ्यावी, असं माझं मत आहे. मात्र हे इंजिन कुठे ओढतं आणि कुठे दबतं हे आधी नीट समजून घे. नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात कुंभार्ली चढताना क्लच जाळशील आणि दोष गाडीला देशील.

२०१२ च्या एप्रिलमध्ये आलेल्या पहिल्या एर्टिगात १२४८ सीसीचं डिझेल इंजिन होतं. ताकद ४००० आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे) ९० पीएस, म्हणजे अश्वशक्ती; टॉर्क, म्हणजे ओढ, १७५० आरपीएमला २०० न्यूटन मीटर. आता गंमत बघ. जुन्या इनोव्हाच्या २४९४ सीसी इंजिनाचा टॉर्कही २०० च होता! कागदावर दोघी सारख्या, पण घाटात फरक लगेच कळतो, कारण इनोव्हाला ते २०० न्यूटन मीटर १४०० पासून ३४०० आरपीएमपर्यंत सलग मिळतात. एर्टिगात ते १७५० च्या सुमारास येतात आणि त्याच्या खाली इंजिन जवळजवळ झोपलेलं असतं. इंजिन लहान, सगळी भिस्त टर्बोवर, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्यावर, आणि टर्बोला फिरवायला पुरेसा धूर कमी आरपीएमला तयारच होत नाही. टर्बोच्या आतल्या पात्या कोन बदलणाऱ्या आहेत म्हणून हा खड्डा थोडा भरून निघतो, पूर्ण नाही.

त्यात वजन घाल. रिकामी गाडी साधारण १२४० किलोची, म्हणजे टनाला सुमारे ७२ पीएस. एवढ्यावर गाडी चांगली चपळ वाटते. विक्रेता तुला एकट्याला बसवून हमरस्त्यावर चक्कर मारून आणेल तेव्हा तू खूश होशील. पण सात माणसं सरासरी ६५ किलोची धरली आणि वर ५० किलो सामान टाकलं, की वजन १७४५ किलोवर जातं आणि टनाला जेमतेम ५१ पीएस उरतात. ती जणू वेगळीच गाडी असते. म्हणून ट्रायलला किमान चार माणसं घेऊन जा आणि चढावरच चालवून बघ.

गुहागरला जाताना तुला घाट उतरायचा असतो आणि परतताना पोफळीपासून वर चढायचा, तोही आंब्याच्या पेट्या नाहीतर तांदळाची पोती भरून. चढताना एकच सूत्र: आरपीएमचा काटा २००० च्या खाली येऊ द्यायचा नाही. वळण दिसलं की वळणात शिरायच्या आधी दुसरा गिअर टाक. तिसऱ्यावर रेटत वळण घेतलंस तर काटा १५०० वर येतो, गाडी दबते, आणि मग माणूस नकळत हाफ क्लच देतो. क्लचप्लेट तिथेच झिजते. दुसऱ्यावर इंजिन थोडं ओरडतं, ते ओरडू दे. २००० ते ३००० मध्ये हे इंजिन मनापासून ओढतं. ३५०० च्या पुढे नुसता आवाज वाढतो, हाती काही लागत नाही.

पावसात आणखी एक गोष्ट जाणवेल. गाडी पुढच्या चाकांवर ओढणारी आहे. मागे माणसं आणि सामान भरलं आणि चढ लागला, की वजन मागे सरकतं आणि नेमकी ओढणारी चाकं हलकी होतात. ओल्या, शेवाळलेल्या वळणावर किंवा गावातल्या जांभ्याच्या चढावर चाक जागीच फिरतं. अशा वेळी ॲक्सिलरेटर दाबायचा नाही, उलट सैल करायचा, आणि चाक पकड घेऊ लागलं की हळूच द्यायचा. पुढच्या दोन टायरची नक्षी कायम चांगली ठेव. १८५/६५ आर १५ हे माप कुठेही मिळतं.

उतरताना दुसऱ्या गिअरवरच राहा. डिझेल इंजिन हवेची वाट पेट्रोलसारखी आवळत नाही, त्यामुळे त्याचं इंजिन ब्रेकिंग तुला वाटतं त्यापेक्षा कमी असतं. मागे ड्रम ब्रेक आहेत. भरलेल्या गाडीत सतत पाय ठेवून उतरलास तर लायनर तापतात आणि पेडल मऊ पडतं. थोडा जोरात दाबून वेग उतरवायचा आणि पाय पूर्ण काढायचा, असं करत उतर.

वर आल्यावर चहाला थांबलास तर लगेच चावी फिरवू नकोस. मिनिटभर इंजिन तसंच चालू दे. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. तापलेला असताना तेलाचा प्रवाह बंद झाला, की ते तेल तिथेच जळून कोळसा होतं.

आता कोणती घ्यायची ते. तीन पर्याय दिसतील. २०१२ ते २०१५ ची साधी डिझेल, २०१५ च्या ऑक्टोबरनंतरची एसएचव्हीएसवाली (मारुतीची सौम्य हायब्रिड यंत्रणा), आणि २०१८ च्या नोव्हेंबरपासूनची नवीन बांधणीची. एसएचव्हीएसमध्ये अल्टरनेटरच स्टार्टरचं काम करतो, सिग्नलला इंजिन बंद-चालू करतो आणि थोडा हातभारही लावतो. कागदावर ॲव्हरेज २०.७७ वरून २४.५२ झालं. घाटात त्या हातभाराने फारसा फरक पडत नाही. बॅटरी मात्र साधी चालत नाही, तिच्या क्षमतेचीच लागते. विक्रेत्याने स्वस्तातली बसवलेली असेल तर ही यंत्रणा नीट काम करणार नाही. नवीन बांधणीची गाडी लांबीला ४३९५ मिलिमीटर, डिकी १३५ वरून २०९ लिटर, बसायला ऐसपैस. २०१९ मध्ये तिच्यात सुझुकीचं स्वतःचं १४९८ सीसी डिझेल आलं: ९५ पीएस, १५०० ते २५०० आरपीएमला २२५ न्यूटन मीटर, सहा गिअर. चालवायला हेच सगळ्यांत छान, खालचा खड्डा बराच भरलेला. पण १ एप्रिल २०२० पासून धुराच्या प्रदूषणाचे बीएस ६ नियम लागले आणि मारुतीने डिझेल बंदच केलं. म्हणजे हे इंजिन जेमतेम वर्षभर विकलं गेलं. १२४८ चं तसं नाही. ते मूळ फियाटचं मल्टिजेट. स्विफ्ट, डिझायर, रिट्झपासून टाटाच्या व्हिस्टा, मान्झापर्यंत सगळीकडे होतं. रांजणगावच्या कारखान्यात ते वर्षानुवर्षं तयार झालं. चिपळूण असो की पाटण, ते खोलता येणारा मेकॅनिक सापडतो. म्हणून तुझ्यासाठी मी २०१८-१९ ची, नवीन बांधणीतली १२४८ सीसीच सुचवीन. ती बजेटमध्ये बसली नाही तर २०१६-१७ ची.

बसण्याचं म्हणशील तर तुमचा सहाचा आकडा या गाडीला अगदी जुळतो. २०१५ च्या ऑक्टोबरनंतरच्या गाड्यांत मागची रांग अर्धी-अर्धी मिटते. अर्धी मिटवून तिथे सामान, उरलेल्या अर्ध्या जागेत मुलांपैकी एक जण. सातही जागा भरल्या तर जुन्या गाडीत दोन छोट्या बॅगांपलीकडे काही मावत नाही, आणि टपावर कॅरिअर लावून लोड चढवला की वळणांवर गाडी झुलते. काकांना मधल्या रांगेत खिडकीशी बसव. इनोव्हासारखं चढून बसावं लागत नाही, त्यामुळे गुडघ्यांना बरं. मागच्या रांगेत मोठ्या माणसाचे गुडघे छातीशी येतात. तिथे त्यांना कधीच बसवू नकोस. एअरबॅगचंही बघ. पहिल्या पिढीच्या खालच्या मॉडेलांत त्या नव्हत्या. २०१८-१९ च्या नवीन बांधणीत दोन होत्या, आणि २०१९ च्या ग्लोबल एनकॅपच्या अपघात-सुरक्षा चाचणीत तिला पाचपैकी तीन तारे मिळाले होते. म्हणजे मध्यम. वेग मर्यादेत ठेव.

गाडी बघायला सकाळी जा आणि आधीच सांगून ठेव की इंजिन चालू करू नका. गेल्यावर पहिल्यांदा बॉनेटवर हात ठेव. गरम लागलं तर काहीतरी लपवलंय असं धर आणि दुसऱ्या दिवशी परत जा. थंड इंजिन चालू होताना पहिल्या दोनतीन सेकंदांत साखळी घासल्यासारखी खडखड आली तर टायमिंग चेन सैल झाली आहे. या इंजिनात बेल्ट नाही, चेन आहे. लोक म्हणतात तिला काही होत नाही, पण इंजिनात तेल जेमतेम तीन लिटरच्या आसपास मावतं. ते वेळेवर बदललं नाही की चेनचा ताण धरणारा टेन्शनर आणि टर्बो, दोघांनाही त्रास होतो. त्यामुळे सर्व्हिसच्या नोंदींत दर १०,००० किलोमीटरला ऑइल बदलल्याचा पुरावा माग. तो नसेल तर गाडी कितीही चकचकीत असो, सोडून दे.

मग क्लच. सपाट जागी हँडब्रेक ओढ, तिसरा गिअर टाक, ॲक्सिलरेटर न देता क्लच सावकाश सोड. इंजिन लगेच बंद पडलं पाहिजे. रेंगाळलं तर प्लेट संपत आली. चढावर तिसऱ्यावर जोर दे. काटा वर पळतोय आणि वेग तिथेच, तरी तेच निदान. काळा धूर, आचके आणि ओढ कमी असेल तर बहुतेक ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप) काजळीने तुंबलेला असतो किंवा टर्बोच्या पात्या अडकलेल्या असतात. ईजीआर साफ होतो. टर्बोचं काम खर्चाचं. टर्बोची हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या पाइपात तेलाचा पुसट थर असला तर चालतो, तेल ठिबकत असेल तर नाही. इंजेक्टरच्या बुडाशी डांबरासारखा काळा थर आणि फुसफुस आवाज म्हणजे तांब्याचा वॉशर गेलाय. काम छोटं आहे, पण पुढे ढकलू नये.

खडबडीत रस्त्यावर २० च्या वेगाने काचा खाली करून चालव. पुढून टकटक आली तर लिंक रॉड किंवा लोअर आर्मचे बुश. हे सगळ्याच जुन्या गाड्यांत होतं, त्यापुरते पैसे कमी करून घे. या गाड्या टॅक्सीत फार चालल्या आहेत, म्हणून आरसीवर (नोंदणीपत्रावर) आधीचा वापर तपास. मीटर ७०,००० दाखवतोय आणि क्लच पेडलचं रबर गुळगुळीत झालंय, तर मीटर मागे फिरवलेला आहे. दिल्ली पासिंगची गाडी स्वस्त मिळू शकेल, कारण तिकडे १० वर्षांवरच्या डिझेलवर बरीच वर्षं निर्बंध राहिले. पण एनओसी (तिकडच्या आरटीओचा ना हरकत दाखला) आणि इथला रोड टॅक्स पुन्हा भरणं यात तो फायदा बराचसा जातो. एमएच ५० (कराड पासिंग) किंवा आसपासचीच बघ.

घेतल्यावर गावातल्या गावात दूध-भाजीला ती वापरू नकोस. छोट्या फेऱ्यांत इंजिन तापत नाही आणि काजळी साठते. आठवड्यातून एकदा अर्धा तास हमरस्त्यावर सलग चालव. डिझेल फिल्टरमधलं पाणी पावसाळ्याआधी आणि नंतर काढून घे. मीटरवर पाण्याचा दिवा लागला तर त्याच दिवशी, नाहीतर इंजेक्टर जातील. टाकी ४५ लिटरची. भरलेल्या गाडीला १८ चा ॲव्हरेज धरलास आणि ५ लिटर राखून ठेवलेस तरी ७२० किलोमीटर होतात, म्हणजे गुहागरला जाऊन-येऊन वर बरंच उरेल.

दोनतीन गाड्या हेरून ठेव आणि त्यांचे आरसी नंबर, मॉडेलचं वर्ष आणि सर्व्हिसच्या नोंदी मला पाठव. थंड इंजिन चालू करतानाचा आवाजही फोनवर रेकॉर्ड करून पाठव, बॉनेट उघडं ठेवून. टोकन त्यानंतरच दे.

काका-काकूंना नमस्कार, वहिनींना आणि मुलांना आठवण सांग.

तुझा,
विनय