शेळीच्या जखमेवर फिनेल ओतू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मृग नक्षत्र लागले की शेळ्यांच्या लसीकरणावर आणि जंतनाशकावर पुष्कळ लिहून येते. जखमांवर फारसे येत नाही. पावसाळ्यात अनेकदा शेळी मूळ जखमेने जात नाही, जखमेत पडलेल्या अळ्यांनी जाते. काटेरी तारेचा ओरखडा, मोडलेले शिंग, कुत्र्याचा चावा, नुकत्याच जन्मलेल्या करडाची ओली नाळ, माशीला एवढे पुरते.

ही घरात घोंघावणारी माशी नव्हे. निळसर-हिरवी, चकाकणारी ही माशी जखमेच्या कडेला एका वेळी शंभर-दोनशे अंडी चिकटवते आणि 12 ते 24 तासांत ती फुटतात. म्हणून संध्याकाळी दिसलेली जखम ‘सकाळी बघू’ म्हणून ठेवता येत नाही. रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडके सलग दहा मिनिटे दाबून धरावे, मध्येच उचलून पाहू नये. मग जखमेत ओले गॉज भरून भोवतीचे केस चार बोटे कापावेत. गॉज नसेल तर कापलेले केस आतच जातात आणि तिथून पू धरतो. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात 9 ग्रॅम मीठ, म्हणजे साधारण दीड चहाचा चमचा, घालून त्या पाण्याने 20 मिलीच्या सिरिंजने जखम धुवावी. मोठ्या जखमेला अर्धा लिटर तरी पाणी लागते. त्यावर पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक, तेही एकास नऊ भाग पाणी घालून, फिक्या चहाच्या रंगाचे. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस पाहून समाधान वाटते, पण रोज वापरले तर भरून येणारे कोवळे मांसच जळते.

अळ्या पडल्याच तर काय करायचे, इथे सर्वांत जास्त चुका होतात. शेळी कळपापासून बाजूला उभी राहते, पाय आपटते, सारखी जखमेकडे मान वळवते. जखमेतून रक्ताळलेले पाणी गळते आणि वास येतो. नीट पाहिले तर छिद्राच्या तळाशी पांढरट टोके हलताना दिसतात. अळीचे तोंड खाली मांसात असते आणि श्वास ती मागच्या टोकाने घेते, म्हणून हे टोक वर असते. फिनेल, रॉकेल, जळके ऑइल किंवा डांबरगोळीची पूड घातली की वरच्या अळ्या मरतात, खालच्या आणखी आत शिरतात आणि मेलेल्या आतच कुजतात. शिवाय फिनेलने मांस भाजते आणि उघड्या जखमेतून ते अंगात भिनते. करडांना तर ते फारच घातक.

त्याऐवजी टर्पेंटाइन तेलात बुडवून घट्ट पिळलेला गॉजचा बोळा छिद्राच्या तोंडाशी दहा-पंधरा मिनिटे ठेवावा. हवा मिळेना की अळ्या वर येतात. मग चिमट्याने एकेक पूर्ण ओढावी, तुटू देऊ नये. टर्पेंटाइन न मिळाल्यास पहिल्या दिवसापुरता सीताफळाच्या पाल्याचा वाटलेला लगदा चालतो. काढलेल्या अळ्या मातीत टाकू नयेत, तिथे कोष करून पुन्हा माश्याच होतात. त्या उकळत्या पाण्यात टाकाव्यात. एका बैठकीत सगळ्या निघत नाहीत, दुसऱ्या दिवशी बोळा पुन्हा ठेवावाच लागतो. अळ्या मारणाऱ्या आयव्हरमेक्टिन औषधाचे इंजेक्शन कातडीखाली देतात. एक टक्क्याच्या औषधाचे प्रमाण 50 किलोला 1 मिली, म्हणजे 25 किलोच्या शेळीला अर्धा मिली. ते डॉक्टरांकडूनच द्यावे आणि दूध किती दिवस वापरायचे नाही हेही विचारून घ्यावे.

अळ्या पडलेली किंवा सहा-आठ तासांपेक्षा जुनी जखम टाके घालून पूर्ण बंद करू नये, आत पू कोंडतो. पायाची जखम बांधता येते, पण पट्टी रोज बदलावी. भिजलेल्या पट्टीखालीही अंडी फुटतात, आणि दुसऱ्या शेळ्या ती पट्टी चघळतात, म्हणून शेळी वेगळी, कोरड्या जागी बांधावी. करंज किंवा कडुनिंबाचे तेल जखमेत नव्हे, भोवतीच्या केसांना लावावे. सकाळी आणि दिवस मावळण्याआधी जखम उघडून पाहणे चुकवू नये.

धनुर्वाताचे विसरू नका. साध्या लसीचे संरक्षण यायला दोन आठवडे जातात. पूर्वी लस न दिलेल्या शेळीला खोल जखम झाल्यास लगेच काम करणारे प्रतिविष लागते. कुत्र्याचा चावा असेल तर हातमोजे घालून साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटे धुवावे, रेबीजची लस त्याच दिवशी सुरू करावी. आतडे बाहेर आले असेल तर आत ढकलू नये. मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या स्वच्छ फडक्याने झाकून 1962 या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर फोन करावा.

पशुसंवर्धन विभागाला विनंती अशी की, मे महिन्यातच प्रत्येक पशुवैद्यकीय दवाखान्यात टर्पेंटाइन, गॉज आणि धनुर्वाताचे प्रतिविष पोहोचलेले असावे. आणि आपल्या कृषी पानावर फिनेलविषयीची सूचना ठळक अक्षरांत छापावी, ही आपल्याला विनंती.

आपला,
एक शेळीपालक, जि. धाराशिव